एमजी टीडीच्या हेडला तडा: दुसरं शोधू की हेच दुरुस्त करू?

हातपान्हा:
गाडी एमजी टीडी, १९५२ ची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन एक्सपीएजी, १२५० सीसी. रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं, पण खाली थेंब नाही. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून प्रेशर टेस्ट केली, तर एका सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांच्या) मध्ये बारीक तडा निघाला. मेस्त्री म्हणतात, वेल्डिंग मारून देतो. हेड बिडाचं (ओतीव लोखंडाचं), म्हणून धाकधूक आहे. 'टीडीचं हेड' अशा दोन जाहिराती दिसल्या, पण फोटोतली पाण्याची भोकं एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय ब्लॉकच्या (हेडखालच्या इंजिनाच्या धडाच्या) बाजूचा आठ मिमीचा एक स्टड तुटलाय आणि बाजारातला आठचा बोल्ट त्या आट्यांत दोन फेऱ्यांपुढे जात नाही. काय करावं?

तेलकट_बाह्या:
जाहिरातवाल्याला अजून पैसे पाठवू नका! टीडीला दोन प्रकारची हेडं आली. आधीच्या हेडची पाण्याची भोकं लांबट, केळ्याच्या आकाराची, नंतरच्याची गोल. ब्लॉक आणि गॅस्केटही त्याप्रमाणे बदलले. बदल मधेच झाला, आणि एवढ्या वर्षांत कुणी कुठलं इंजिन कुठे बसवलं असेल सांगता येत नाही, तेव्हा गाडीच्या सालावर जाऊ नका. तुमचं जुनं गॅस्केट ब्लॉकवर ठेवून फोटो काढा आणि विकणाऱ्याला तसाच फोटो मागा.

प्लगवरूनही कळतं. लांबट भोकांच्या हेडला अर्धा इंच लांबीच्या आट्यांचा स्पार्क प्लग, गोल भोकांच्या हेडला पाऊण इंच.

आणि जाडी मागा, व्हर्नियर लावलेल्या फोटोसकट. मूळ जाडी ७६.७५ मिमी. फेसिंग मारमारून (तळ घासून सपाट करून करून) पातळ झालेली हेडं 'उत्तम स्थितीत' म्हणून सर्रास विकली जातात.

चोक_ओढा:
शोधताना फक्त 'टीडी' लिहिलंत तर सगळ्यांच्या गर्दीत अडकाल. हेच १२५० सीसी इंजिन एमजीच्या वाय टाइप सलूनमध्ये होतं, आणि वूल्झली ४/४४ मध्येही. वूल्झलीचं भंगार काढणाऱ्याला बऱ्याचदा पत्ताच नसतो की एमजीवाले यासाठी जीव टाकतात. भोकं आणि जाडी मात्र तिथेही तपासायचीच. मॉरिस टेन सिरीज एमचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण ११४० सीसी आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) लहान. हेडसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आटेमोड:
स्टडचं सांगतो, माझा आवडता विषय. कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात मॉरिसची, म्हणजे एमजीचीही, इंजिनं बनू लागली तो आधी फ्रेंच हॉचकिस कंपनीचा होता. मॉरिसने तो १९२३ मध्ये घेतला. यंत्रं मेट्रिक होती, ती तशीच ठेवली. म्हणून एक्सपीएजीचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या ब्रिटिश मापाच्या पान्ह्याची, कारण ब्रिटिश गॅरेजमध्ये पान्हे तेच! तुमचा स्टड ८ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.० मिमी. दुकानात मिळतो तो १.२५. दोन फेऱ्या जाऊन अडकतो तो याचमुळे. रेटलात तर ब्लॉकचे आटे जातील. ८ x १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मिळतो, आटे गेले असतील तर भोकात बसवायचा त्याच मापाच्या आट्यांचा इन्सर्टही मिळतो.

बिडाचा_सोबती:
वेल्डिंगबद्दल. बीड वेल्ड होतं, पण अख्खं हेड भट्टीत तापवून, निकेलच्या रॉडने, आणि नंतर अगदी सावकाश थंड करून. नुसती एक जागा तापवली तर वेल्डच्या शेजारचं बीड कडक होतं आणि नवा तडा तिथून निघतो. मेस्त्रींना एवढंच विचारा: हेड कशात तापवणार आणि थंड व्हायला किती वेळ देणार?

मी असतो तर मेटल स्टिचिंग केलं असतं. यात उष्णता नाहीच. तड्याच्या रेषेवर भोक पाडून आटे मारतात, पिन बसवतात. पुढचं भोक आधीच्या पिनेला थोडं कापूनच पडतं, म्हणजे पिना एकमेकींत गुंततात. सीटच्या मधल्या तड्यात पिना बसल्या की दोन्हीकडे कडक सीट इन्सर्ट (सीटच्या जागी बसवायच्या कड्या) घालून घ्या. तडा झाकला जातो आणि बिनशिशाच्या पेट्रोलने सीट झिजण्याचीही काळजी मिटते. मग पुन्हा प्रेशर टेस्ट, आणि ती गरम पाण्याने. थंड हेड खोटं बोलतं.

चोक_ओढा:
नवीन ॲल्युमिनियमची हेडंही निघतात बरं का. हलकी असतात. कूलंटमध्ये गंजरोधक मात्र कायम हवं.

बिडाचा_सोबती:
निघतात, पण ज्याचं मूळ हेड वाचण्यासारखं आहे त्याने ते का टाकावं?

हातपान्हा:
सगळ्यांचे आभार. मोजून पाहिलं: भोकं गोल, प्लग पाऊण इंची, जाडी ७५.९. दोन्हीपैकी एक जाहिरात लांबट भोकांची, ती बाद. दुसरा जाडी सांगायलाच तयार नाही. मेस्त्रींना विचारलं तर म्हणाले, 'गॅसने जरा शेकवू.' म्हणजे वेल्डिंगही बाद. स्टिचिंगला देतोय.

तेलकट_बाह्या:
७५.९ म्हणजे जवळजवळ एक मिलीमीटर आधीच गेलाय. स्टिचिंगवाल्याला बजावून सांगा, फेसिंग सपाट होण्यापुरतंच मारा. बसवताना रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या दांड्याच्या) पेडेस्टलखाली, म्हणजे पायांखाली, तेवढ्या जाडीची शिम (पातळ पत्रा) घाला, नाहीतर खालून रॉकर ढकलणारा पुशरॉड लांब पडून रॉकरचा कोन बिघडतो. शिम देताना तेलाचं भोक झाकू नका.