मदत हवी आहे : एनसीसी बटालियनच्या फायरिंगची एसओपी कशी लिहावी?

नमस्कार. मी एका महाविद्यालयात असोसिएट एनसीसी ऑफिसर आहे. आमच्या 10 दिवसांच्या वार्षिक शिबिरात .22 रायफलचे फायरिंग असते आणि त्याची एसओपी (ठरवून दिलेली लेखी कार्यपद्धती) नव्याने लिहिण्याचे काम कमांडिंग ऑफिसरांनी माझ्याकडे सोपवले आहे. जुन्या एसओपीत ‘सुरक्षेची पूर्ण दक्षता घ्यावी’ अशा धर्तीची वाक्ये पुष्कळ आहेत. मात्र ती दक्षता कोणी, केव्हा आणि कशी घ्यायची याचा पत्ता नाही.

रेंजवरचा क्रम मी लिहून काढला आहे. लाल झेंडे आणि बटच्या (टार्गेटमागच्या मातीच्या बांधाच्या) बाजूंना पहारेकरी हा मुद्दा सर्वांत वर घेतला, कारण 25 मीटरवरच्या टार्गेटला चुकलेली गोळी अडली नाही तर किलोमीटरभराहूनही पुढे जाऊ शकते. त्यानंतर प्रत्येक डिटेलचे (एका वेळी फायर करणाऱ्या कॅडेटांच्या गटाचे) फायरिंग संपल्यावर बोल्ट उघडून तपासणी आणि जिवंत राउंड (काडतूस) किंवा रिकामे खोके (गोळी सुटल्यावर उरणारे काडतुसाचे आवरण) जवळ नसल्याचे कॅडेटकडून वदवून घेणे.

घोडे अडले आहे ते हिशेबापाशी. कोतमधून (शस्त्रागारातून) निघालेले राउंड ॲम्युनिशन पॉइंटवर मोजून दिले जातात आणि परत करताना खोकी, मिसफायर झालेले (घोडा दाबूनही न उडालेले) राउंड व उरलेले जिवंत राउंड यांची बेरीज मूळ आकड्याशी जुळावी लागते. गवतात एक खोके हरवले तरी सगळे तिथेच थांबतात. पीआय स्टाफच्या (सैन्यातून आलेल्या प्रशिक्षकांच्या) बदल्या होत असल्यामुळे जबाबदारी नावाने न लिहिता पदाने लिहावी, हे मला पटते. परंतु मनुष्यबळ कमी असले की देण्याची आणि घेण्याची सही एकाच हवालदाराची होते. ही पळवाट एसओपीत कशी बंद करावी? तसेच मिसफायरची कारवाई मुख्य मजकुरात असावी की परिशिष्टात?

कोतचे कुलूप, चाव्या आणि पहाऱ्याच्या वेळा यांबद्दल कृपया इथे काहीही लिहू नये.

प्रतिसाद :

सर, मी इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आहे. देणारा आणि घेणारा एकच असेल तर फायरिंग सुरूच होणार नाही, असे स्पष्ट लिहा आणि त्या निर्णयाचा अधिकार रेंजवरच्या ऑफिसर इन्चार्जकडे ठेवा. ‘शक्यतो’ हा शब्द मसुद्यात कुठेही राहू देऊ नका. खोकी दिवसअखेर न मोजता प्रत्येक डिटेलनंतर मोजावीत, म्हणजे शोधायची वेळ आलीच तर तेवढ्याच कॅडेटांच्या मागचे गवत पाहावे लागते. मिसफायरची कारवाई परिशिष्टात गेली की कोणी वाचत नाही. हात वर करणे, नळीचे तोंड बटकडेच ठेवणे आणि उस्तादाच्या (प्रशिक्षकाच्या) हुकुमाशिवाय बोल्ट न उघडणे, एवढे एका पानावर मोठ्या अक्षरांत छापून फायरिंग पॉइंटवरच लावा. मसुदा झाल्यावर, युनिटमध्ये नव्याने आलेल्या एखाद्या एनसीओच्या (हवालदार, नाईक अशा पदावरच्या जवानाच्या) हाती तो देऊन, राउंड न काढता कोरडी तालीम घ्या. तो ज्या ओळीवर थांबून प्रश्न विचारील, ती ओळ पुन्हा लिहावी लागेल.