विषय: लक्ष्मीपूजन ३१ ला की १ ला? आणि शनिवारचा फराळ

नमस्कार मंडळी,
आईने दिलेल्या पंचांगात लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबर २०२४ ला आहे. इथे मात्र सगळे गुरुवार, ३१ ऑक्टोबर म्हणताहेत. त्यात गुरुवारी हॅलोविन, म्हणजे मुलांनी पोशाख घालून घरोघरी खाऊ मागायचा दिवस, आणि मुलांचे पोशाख कधीचे तयार आहेत. न्यू जर्सीतली आमची ही पहिलीच दिवाळी. कोणता दिवस धरायचा?
– नवीन सदस्य

ताई,
दोन्ही बरोबर आहेत. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर, अमावास्या हवी. भारतात ती ३१ ला दुपारी ३:५२ ला लागते आणि १ ला संध्याकाळी ६:१६ ला संपते. दोन्ही संध्याकाळी सापडते, म्हणून तिथेही यंदा मतभेद झाले. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी दुसरा दिवस धरला. आपण सध्या साडेनऊ तास मागे. आपल्याकडे ती शुक्रवारी सकाळी ८:४६ लाच संपते, संध्याकाळी उरतच नाही. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, सूर्यास्त मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. तेव्हा पूजा गुरुवारीच करा. सहाच्या सुमारास दिवे लागले की पूजा, हातावर लाह्या-बत्तासे, मग मुलांना खुशाल बाहेर सोडा. दाराशी पणत्या दिसल्या की शेजारची पोरं थांबून विचारतात, तेव्हा आपल्याच मुलांना सांगू द्या.
– पंचांगवाले काका

काका,
याच हिशेबाने शनिवारचं बघा. २ तारखेला सकाळी १०:५१ ला द्वितीया लागते. म्हणजे मंडळाचा फराळ दुपारी आहे तेव्हा भाऊबीजच! एरवी आपण सोयीचा शनिवार धरतो, यंदा तिथीच शनिवारी आली आहे. नुसतं चकली-चिवडा खाऊन घरी जायचं नाही, ओवाळायचं.

माझा भाऊ पुण्याला. इथे आल्यावर पहिल्या काही भाऊबीजा मी फोन ठेवून रडण्यात घालवल्या. मग एका फराळाला एमएस करायला आलेला एक मुलगा भिंतीला टेकून एकटाच उभा दिसला. बहीण साताऱ्याला म्हणाला. मी त्याला पाटावर बसवलं. ओवाळणी घालायला त्याच्याकडे काही नव्हतं, खिशात लॉन्ड्रीसाठी ठेवलेले चार क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) होते, तेच त्याने तबकात घातले. अजून जपून ठेवले आहेत मी. आता तो लेकीला घेऊन येतो आणि ती माझ्या मुलाला ओवाळते.

घरच्या भावाला फोन करायचा असेल तर शनिवारी रात्री साडेनऊला करा, तिकडे रविवारी सकाळचे सात. रविवारी पहाटे आपली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर फरक साडेदहा तासांचा होईल.

हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही, म्हणून ओवाळणं मागच्या अंगणात. वाऱ्यासाठी निरांजनाला आडोसा लागेल. पाट माझ्याकडे चार आहेत, आणखी दोन हवेत.
– फराळ समितीतली ताई

ताई, एक पाट माझ्याकडे आहे. आईने बॅगेत घातला तेव्हा मी भांडले होते. शनिवारी घेऊन येते.
– नवीन सदस्य