गावाहून आणलेले कंद फ्रिजमध्ये बिघडले, काय वाचवता येईल?

मंडळी, जरा घाईत मदत हवी आहे.

संक्रांतीनंतर गुहागरला सासरी गेले होते. निघताना सासूबाईंनी नेहमीसारखी गोणी बांधून दिली. अख्खा सुरण (साडेतीन किलो भरला), दोन कोनफळं, चार किलो रताळी, अळकुड्या, थोडं आलं आणि ओली हळद. सगळं मातीने माखलेलं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ती माती बघून मला राहवेना. बादलीत घालून खसाखसा धुतलं, पुसल्यासारखं केलं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये कोंबलं. सुरण मावेना, म्हणून तो तसाच मातीसकट ओट्याखाली ढकलला.

आज तीन आठवडे झाले. ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही तो सुरण ठणठणीत! रताळी मात्र कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही मध्ये दडस. एक कोनफळ कापलं तर आत तपकिरी डाग. अळकुड्या बुळबुळीत, हळदीवर पांढरी बुरशी, आलं सुरकुतलेलं. महाशिवरात्र आठ दिवसांवर आली आहे. यातलं खाण्याजोगं काय, हे कसं ओळखू? आणि सुरण कापल्यावर उरलेला कुठे ठेवू? सासूबाईंना विचारलं तर पहिला प्रश्न "धुतलंस का?" हाच येणार, म्हणून इथे विचारतेय.

प्रतिसाद १
ताई, फ्रिजनेच घात केला. रताळी, कोनफळ, अळकुडी ही उष्ण हवेतली पिकं. १२-१३ अंशांच्या खाली त्यांना थंडी बाधते आणि फ्रिज असतो ४ अंशांच्या आसपास. थंडी लागलेलं रताळं कितीही शिजवा, मधला गाभा टणकच राहतो. ते विषारी नसतं, पण वाफवून खायची मजा गेली. किसून तुपावर कीस करून बघा.

मात्र एक नीट पाहा. रताळ्यावर काळे खोलगट डाग असतील, बारीक भोकं असतील किंवा कापल्यावर कडवट वास येत असेल, तर तेवढाच भाग काढून बाकीचं वापरू नका. अख्खं टाका. बुरशी किंवा कीड लागली की रताळं स्वतःच कडू विषारी द्रव्य तयार करतं आणि ते शिजवून जात नाही. बुळबुळीत अळकुड्या आणि बुरशीची हळदही टाकाच.

प्रतिसाद २
सुरणाबद्दल: कापलेली बाजू पिशवीत गुंडाळू नका, उघडी ठेवा. दिवसभरात तिच्यावर कोरडी खपली धरते. पुढच्या वेळी तेवढी पातळ चकती काढून टाकली की आत ताजा. आमच्याकडे लागवडीसाठी सुरणाच्या फोडी करतात, त्या शेणकाल्यात बुडवून सुकवतात. हेतू तोच, कापलेल्या तोंडातून कुजू नये. गावचा सुरण आहे म्हणजे खाजरा असणार, चिरताना हाताला तेल आणि शिजवताना आमसूल विसरू नका. बाजारात मिळतो तो गुळगुळीत 'गजेंद्र' जातीचा असेल तर फारसा खाजत नाही.

प्रतिसाद ३
माती हेच त्यांचं पांघरूण. वापरायच्या दिवशीच धुवायचं. आमची आजी रताळी बांबूच्या टोपलीत सुकं गवत घालून माळ्यावर ठेवायची. फ्लॅटमध्ये कॉटखाली वर्तमानपत्रावर पसरली तरी चालतात, फक्त एकमेकांना चिकटून नकोत.

घेताना मी हातात तोलून बघते. आकाराच्या मानाने हलकं लागलं की समजायचं, आतलं पाणी गेलं. कोनफळाला नख लावून बघा, ओलसर चिकट रस आला पाहिजे. रताळ्याची दोन्ही टोकं आधी पिचतात, तिथेच दाबा.

गाजर, मुळा, बीट यांचा कायदा मात्र उलटा! त्यांना थंडी मानवते. पाला लगेच कापायचा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढत राहतो. गाजराशेजारी सफरचंद ठेवू नका, गाजर कडू होतं. (हे मला बऱ्याच हलव्यानंतर कळलं.) लिबलिबीत झालेलं गाजर तासभर गार पाण्यात ठेवलं की पुन्हा कडक होतं, वासाला चांगलं असेल तर बिनधास्त वापरा.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. दोन रताळी आत काळी निघाली, टाकली. बाकीच्यांचा कीस केला, दाण्याचं कूट जरा सढळ घातलं, खपला. दुसरं कोनफळ डागाशिवाय निघालं, ते आता कॉटखाली आहे. काल सासूबाईंचा फोन आला, "सुरण कसा आहे गं?" म्हणाल्या. छान आहे म्हटलं. बाकीचं त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

एकच राहिलं. आल्याच्या दोन तुकड्यांना कोंब फुटलेत. कुंडीत लावू का?

प्रतिसाद २
इतक्यात नको. कोरड्या मातीत ठेवून द्या, पाणी घालू नका. मे महिन्यात कुंडीत लावा, पावसाळ्यात जोर धरेल.