ओल्या बिबड्यांचे हद्दप्रकरण

कौटुंबिक ग्रुप : ‘नवापूरचे आजोळ’
ग्रुपच्या माहितीत मोठ्या मावशीने लिहिलेली सूचना : ‘येथे पूर्ण वाक्यांत लिहावे. अंगठे, फुले व हसरी तोंडे पाठवू नयेत.’

ताईची लेक, ठाणे : सर्वांना नमस्कार. मी सुरतेहून जळगावला निघाले आहे आणि आमची गाडी आत्ताच नवापूर स्टेशनातून सुटली. ज्या बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, त्यावर बसून काढलेला फोटो वर पाठवला आहे. आई म्हणते की १९८६ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या मामाला याच फलाटावरून नंदुरबार जिल्ह्यातून तडीपार करण्यात आले होते. हे खरे आहे का, आणि असल्यास त्याचा गुन्हा काय होता?

मोठी मावशी, धुळे : फोटो चांगला आला आहे, परंतु विधान चुकीचे आहे. १९८६ साली नंदुरबार नावाचा जिल्हाच नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला. तोपर्यंत नवापूर आमच्या धुळे जिल्ह्यात होते. हद्दीपलीकडचे, गुजरातेतले उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यात होते, कारण तापी जिल्हा २००७ साली झाला. तडीपारी झालीच असेल तर ती धुळे जिल्ह्यातून सुरत जिल्ह्यात झाली, असे लिहावे.

पुण्याचा दादा : ‘तडीपार’ हा शब्द ताईचा आहे आणि माझ्यावरचा कोणताही आरोप सिद्ध झालेला नव्हता, एवढे प्रथम नोंदवतो. आता पोरीने विचारलेच आहे तर सविस्तर सांगतो.

तू आजोबांना पाहिलेले नाहीस. ते निवृत्त तलाठी होते, आणि हातातले सातबारे सुटल्यावर त्यांनी आम्हा सात नातवंडांचा कारभार ताब्यात घेतला होता. ओसरीवर कोणी कुठे झोपायचे हे ते खडूने आखून देत. आमरसाच्या पातेल्याचे ‘पोटहिस्से’ पाडत. एखाद्याने नुसते विचारले की आजोबा, अंगण केवढे आहे हो, तर ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, इथून सुरुवात होऊन विचारणाऱ्याचे खेळायला जाणे बुडत असे. मारायला त्यांचा हात उठत नसे. मात्र शिक्षेपूर्वी चौकशी आणि चौकशीपूर्वी पंचनामा असल्यामुळे गुन्हेगार आधीच अर्धमेला होई.

त्या वर्षी वैशाखात आजीने बिबड्यांचा घाट घातला. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, तिचा तिखट-लसूण घातलेला घाटा शिजवायचा, धोतरावर थापायचा आणि गच्चीवर वाळवायचा. पूर्ण वाळलेला बिबडा तळून खातात, हे शहाण्या माणसांसाठी झाले. पोरांना हवा असतो तो दुपारी चारचा बिबडा, कडेने कडक झालेला आणि मध्ये अजून ओला असलेला, धोतरावरून ओढला की चर्र आवाज करणारा. पहिल्या दिवशी अकरा बिबडे गेले. आजोबांनी पंचनामा केला, धोतरावरचे ओले डाग मोजले, आणि आमच्या बोटांचा वास घेऊन तिघांना दोषी ठरवले.

त्या रात्री जेवताना मी एक निरागस प्रश्न विचारला. एखादा गुन्हा गुजरातेत घडला तर त्याची चौकशी कोणी करायची? आजोबा घास थांबवून म्हणाले, ‘ज्याच्या हद्दीत घडला त्याने. मला तिथे अधिकार नाही.’ हे वाक्य त्यांनी उच्चारले, तेव्हा पाटावर बसलेली सात डोकी एकाच वेळी वर झाली होती.

ठाण्याची ताई : तो प्रश्न निरागस नव्हता, कारण तो विचारायला तुला मीच सांगितले होते. माझे वय तेव्हा नऊ होते.

मोठी मावशी, धुळे : पोरीला हद्दीचा प्रकार नीट समजावा म्हणून सांगते. स्टेशन विचित्र जागी बांधले, असे लोक म्हणतात. वस्तुतः स्टेशन इंग्रजांच्या काळातले आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले आणि हद्द आली ती फलाटावरून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात राहिली. स्टेशनमास्तरांची खोली आणि प्रतीक्षालय गुजरातेत गेले. त्या वेळी मी बारा वर्षांची होते. आमचे वडील त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाले होते, ‘आता तिकीट आपल्याकडे काढायचे आणि गाडीची वाट त्यांच्याकडे बघायची.’ सुरतेकडून आलेली लांब गाडी थांबली की इंजिन महाराष्ट्रात आणि गार्डचा डबा गुजरातेत, हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. आजही तेथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात, त्यामुळे घोषणा संपेपर्यंत गाडी येऊन उभी राहते.

पुण्याचा दादा : पुढे सांगतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बिबडे गच्चीवर खाणे बंद केले. वर्तमानपत्रात गुंडाळून, सदऱ्यात घालून ते स्टेशनवर न्यायचे आणि हद्द ओलांडून खायचे. फलाटावर भाऊमामाने आमच्यासाठी गेरूने एक रेघ मारून दिली होती. तो तेव्हा एकवीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, म्हणजे आमच्या दृष्टीने भूमापन खात्याच्या तोडीचा माणूस होता. रेघेच्या अलीकडे उभे राहून बिबडा तोंडाशी न्यायचा नाही, हा नियम इतक्या कसोशीने पाळला जाई की धाकट्याच्या हातून एकदा तुकडा रेघेवर पडला, तेव्हा त्याचा अलीकडचा भाग कुत्र्याला घालण्यात आला.

अडचण एकच होती. रेघेपलीकडे सुरतेचा भाऊ बसलेला असे.

सुरतेचा भाऊ : मी माझ्या राज्यात बसलो होतो, यात काय चुकले? मी गुजरातचा रहिवासी, वय वर्षे दहा, आणि माझ्या हद्दीत बाहेरून माल येत होता. महाराष्ट्रात तुमच्या प्रत्येक गावाच्या तोंडाशी जकातनाका होता, ट्रक अडवून पैसे घेत असत आणि त्याला कोणी चोरी म्हणत नसे. मी चार बिबड्यांमागे एक बिबडा घेतला. उलट मी पावत्याही दिल्या आहेत, वापरलेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या पाठीवर लिहून.

ठाण्याची ताई : पावतीवर ‘मिळाले, खाल्ले’ एवढेच लिहिलेले असे.

सुरतेचा भाऊ : याहून प्रामाणिक पावती मी पुढे धंद्यातही पाहिलेली नाही. आणि हद्दीचा फायदा काय फक्त आम्ही पोरांनीच घेतला? संध्याकाळच्या पॅसेंजरने आमच्या बाजूने इस्त्रीचे कपडे घातलेले, भांग पाडलेले, अत्यंत गंभीर चेहऱ्याचे काका उतरत असत. गुजरातेत दारूबंदी, महाराष्ट्रात परवाना असलेली दुकाने, हे गणित मला तेव्हा माहीत नव्हते. आजोबा त्यांना ‘काय, देवदर्शनाला का?’ असे विचारत आणि ते हात जोडत. रात्री परतीच्या गाडीला तेच काका भजने म्हणत जात, तेव्हा नवापुरात फार जागृत देवस्थान असले पाहिजे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. मी सुरतेच्या शाळेत त्यावर दहा ओळींचा निबंधही लिहिला होता आणि बाईंनी आईला भेटायला बोलावले होते.

सुरतेची मावशी : त्या भेटीचा विषय येथे नको. मुद्द्याचे बोलते. तुमच्या या कारभाराचे बारा दिवस होऊन गेल्यावर मला बाबांचे पोस्टकार्ड आले. त्यातला मजकूर मला आजही पाठ आहे : ‘चि. सौ. यांस आशीर्वाद. माझ्या नातवंडांनी उच्छलच्या हद्दीत उच्छाद मांडला आहे. सदर क्षेत्र माझ्या अधिकाराबाहेर असल्याने प्रकरण तुझ्याकडे वर्ग करीत आहे. येताना सुरतेचे खमण आणावे.’ मी गुजरातची रहिवासी, रेशनकार्ड सुरतेचे, तेव्हा अधिकार माझा होता हे उघड आहे. मी भुसावळ पॅसेंजरने आले आणि मुद्दाम शेवटच्या डब्यात बसले होते, म्हणजे गुजरातेत उतरता यावे.

ठाण्याची ताई : ते दृश्य मी विसरणे शक्य नाही. आम्ही सात जण रेघेपलीकडे ओळीने मांडी घालून बसलेलो, प्रत्येकाच्या हातात बिबडा, आणि रेघेच्या अलीकडे, महाराष्ट्रात, आजोबा छत्री घेऊन शांतपणे उभे. आम्ही त्यांच्याकडे पाहून खुशाल खात होतो. दादाने तर त्यांना ‘या ना गुजरातेत’ असे म्हटले. आजोबा आमच्याकडे पाहतच नव्हते. ते आमच्या डोक्यांवरून पलीकडे पाहत होते, आणि मागून मावशीच्या बांगड्यांचा आवाज आला.

पुण्याचा दादा : प्रत्येकी दोन. मला तीन, कारण मी ‘या ना गुजरातेत’ म्हटले होते. त्यानंतर आजोबांनी मला त्या दिवसापुरते महाराष्ट्रात येण्यास मनाई केली आणि मी संध्याकाळपर्यंत प्रतीक्षालयात खमण खात बसलो. तडीपारी म्हणतात ती एवढीच.

तथापि एक गोष्ट मी गेली कित्येक वर्षे म्हणत आलो आहे आणि आज सर्वांसमक्ष पुन्हा म्हणतो. तिसरी थप्पड बसली तेव्हा मी पळत रेघ ओलांडली होती. माझा गाल महाराष्ट्रात होता. मावशीचा हात गुजरातेतून आला असेल, पण थप्पड लागली ती महाराष्ट्रात, आणि ती बेकायदा होती.

सुरतेची मावशी : तुझे पाय गुजरातेत होते. गाल पुढे आला हा तुझा दोष आहे.

मोठी मावशी, धुळे : हा वाद मागच्या दोन लग्नांत आणि एका वास्तुशांतीत झालेला आहे. याचा निकाल आता लावून टाकावा. भाऊ, तू नवापुरात आहेस आणि रेघ तूच मारली होतीस. ती नेमकी कोणत्या खांबाजवळ होती ते सांग.

भाऊमामा, नवापूर : मी सकाळपासून हे सर्व वाचतो आहे आणि गप्प बसणे बरे, असे ठरवले होते. परंतु धुळ्याच्या ताईने थेट नाव घेऊन विचारले म्हणून सांगतो.

आज ज्या बाकावर लोक फोटो काढतात, त्याच्यापाशी हद्द आहे. मी गेरूची रेघ तिथे मारली नव्हती. ती मी चाळीस पावले गावाकडे, म्हणजे पूर्वेला सरकवून मारली होती. याचा अर्थ, तुम्ही ज्याला गुजरात समजून बिबडे खात होता, ते सगळे महाराष्ट्रच होते.

पुण्याचा दादा : मामा, हे तुम्ही आज सांगता आहात? आणि रेघ सरकवण्याचे कारण काय होते?

भाऊमामा, नवापूर : कारण असे होते की खऱ्या हद्दीजवळ बसायला एक निवांत जागा होती, पिंपळाची सावली होती, आणि तिथे दुपारी चार ते पाच या वेळात सात पोरे येऊन बसलेली मला चालण्यासारखी नव्हती.

ठाण्याची ताई : मामी उच्छलच्या ना?

नवापूरची मामी : मी उच्छलची आहे आणि माझ्या मामाचे घर नवापूरला आहे, त्यामुळे माझे त्या स्टेशनवर येणे-जाणे असे, यात लपवण्यासारखे काही नाही. मला त्या वेळी मराठी नीट येत नव्हते आणि यांना गुजराती येत नव्हते, म्हणून आम्ही बहुतेक वेळ गाड्यांच्या घोषणा ऐकत बसायचो. तेवढ्यावर माझे मराठी झाले. लग्न झाल्यावर सासूबाईंशी माझे पहिले मराठी वाक्य ‘यात्रियों’ने सुरू होणार होते, ते थोडक्यात सावरले. यांनी आता फोन ठेवावा आणि बाजारातून तूरडाळ आणावी. पाहुण्यांना नवापूरची डाळ पाठवायची आहे, तिला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून सगळे नातेवाईक आमच्याकडेच मागतात.

मोठी मावशी, धुळे : भाऊ, बाबांना हे माहीत होते का?

भाऊमामा, नवापूर : रेघ मारली त्याच संध्याकाळी ते फिरायला म्हणून स्टेशनवर आले. रेघेपाशी थांबले, छत्रीच्या टोकाने तिच्यावर टकटक केले, पलीकडच्या पिंपळाकडे पाहिले आणि मला म्हणाले, ‘मोजणी कोणी केली?’ मी म्हणालो, मी केली. ते म्हणाले, ‘फी भरून घेतलीस का?’ आणि निघून गेले. पुढच्या वर्षी उच्छलला बोलणी करायला ते स्वतः गेले, तेव्हा त्यांनी जाताना पिशवीत पाच शेर तूरडाळ आणि आजीचे वाळलेले बिबडे घेतले होते. त्यांना माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही.

ठाण्याची ताई : म्हणजे त्यांना बारा दिवस ठाऊक होते की आम्ही त्यांच्याच हद्दीत बसलो आहोत. मनात आणले असते तर पहिल्याच दिवशी त्यांना आम्हाला कान धरून उठवता आले असते. तरीही ते छत्री घेऊन रेघेअलीकडे उभे राहिले!

मोठी मावशी, धुळे : उद्गारचिन्ह एकच दिलेस, हे बरे केलेस.

सुरतेची मावशी : मग मी सुरतेहून तिकीट काढून, दोन किलो खमण घेऊन आले, ते कशासाठी?

मोठी मावशी, धुळे : खमणासाठी. बाबांना सुरतेचे खमण फार आवडे, आणि नुसते मागवले असते तर तू ते कोणाच्या तरी हाती पाठवले असतेस. स्वतः आली नसतीस. त्याआधी दीड वर्ष तू माहेरी आली नव्हतीस.

सुरतेची मावशी : हे मला आजपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

पुण्याचा दादा : मावशी, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आता दोन मागण्या नोंदवतो. पहिली अशी की तिन्ही थपडा महाराष्ट्रात बसल्या असल्यामुळे त्या मागे घेण्यात याव्यात. दुसरी सुरतेच्या भावासाठी आहे. तो परराज्यात बेकायदा नाका टाकून बसला होता. बारा दिवस, रोज सरासरी आठ बिबडे, चारामागे एक, असे चोवीस बिबडे त्याच्याकडून येणे निघते. व्याज मी सोडून देतो.

सुरतेचा भाऊ : पावत्या दाखवाव्यात. पावतीशिवाय परतावा मिळत नाही, हा दोन्ही राज्यांतला नियम आहे.

ताईची लेक, ठाणे : मामा, माझ्या आईच्या जुन्या कंपासपेटीत पुठ्ठ्याची काही तिकिटे आहेत. त्यांच्या पाठीवर ‘मिळाले, खाल्ले’ असे लिहिलेले आहे, आणि ते काय आहे हे मला आजपर्यंत कळले नव्हते. मी घरी पोहोचल्यावर मोजून सांगते.

सुरतेचा भाऊ : मी आजच ज्वारी भिजत घालायला सांगतो.