दहावीनंतरची मित्रांसोबतची एक दिवसाची ट्रिप आणि पोटातला गोळा : तुमचे अनुभव लिहा

भाचीची दहावी झाली. ग्रुपने मे महिन्यात अलिबागला एक दिवस जायचं ठरवलंय, सकाळी निघून रात्री परत. पोरगी कालपासून ग्रुपवर "हो" टाइप करतेय आणि पुसतेय. जायचंय तिला, पण बोटीत कोणाशेजारी बसायचं, काय बोलायचं, मधेच परत यावंसं वाटलं तर काय, हे सगळं तिच्या डोक्यात आत्ताच घडून गेलंय. ताईला वाटतं ही नाटकं आहेत. मला नाही वाटत, मीही त्यातलीच. तुमच्यापैकी जे असे होते (किंवा अजून आहेत) त्यांनी अशा ट्रिपांबद्दल लिहा. "बिनधास्त जा गं, मजा येते" एवढंच लिहायचं असेल तर नको, ते सांगणारे घरात भरपूर आहेत.

*

अलिबाग म्हटल्यावर लिहायलाच हवं. आमची बारावीची सुट्टी. गेटवेहून मांडव्याची बोट, तासभर लागतो, आणि त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस. मला हे सगळं आधीच माहीत होतं कारण आठवडाभर मी दुसरं काही केलंच नव्हतं. पेपरात भरती-ओहोटीच्या वेळा येतात ना, त्या बघून चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवल्या होत्या, कारण कुलाबा किल्ल्यात ओहोटी असेल तरच चालत जाता येतं, नाहीतर मधे पाणी. आणि आत गेल्यावर वेळेत निघाला नाहीत तर अडकलात.

तर आम्ही बीचवर पोचलो तेव्हा पाणी पार ओसरलेलं, पण सगळ्यांचं चाललेलं की आधी मस्त जेवू, मग किल्ला. आणि मला माहितीये की जेवून येईपर्यंत पाणी चढायला लागणार. खिशात चिठ्ठी आहे. बोलायचं फक्त एक वाक्य आहे. पण ते आठ-दहा जण एकदम माझ्याकडे बघणार ही कल्पनाच सहन होईना, घसा कोरडा, कानात धडधड, आणि मी आपला वाळूत अंगठ्याने रेघा मारतोय. शेवटी शेजारच्या मित्राला हळूच म्हटलं, अरे आत्ता नाही गेलो तर राहील. तो जन्मजात लाउडस्पीकर. तो ओरडला, "ए, आत्ताच चला रे, नंतर पाणी येतंय!" आणि सगळे निघाले. दिवसभर त्याचं कौतुक, याच्यामुळे किल्ला बघायला मिळाला.

लोकांना वाटतं मला वाईट वाटलं असेल. अजिबात नाही!! मला नेमकं हेच हवं होतं, काम झालं आणि कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. किल्ल्यात चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे, तिथे बराच वेळ नुसता बसलो होतो, बाकीचे फोटो काढत होते. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत तो धरतो मी. भाचीला सांगा, एक लाउडस्पीकर मित्र शेजारी पकडून ठेव.

*

माथेरान. मुलींनो तुम्हाला कळेल. दस्तुरीला गाड्या थांबतात, त्यापुढे तेव्हा गाडी नव्हतीच, एकतर शटल ट्रेन नाहीतर घोडा नाहीतर त्या लाल मातीतून चालत. आम्ही चालत. आणि मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, आणि ते ग्रुपमधे मुलांसमोर सांगावं लागणार, सगळे थांबणार. मे महिन्यात! दुपारपर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की एको पॉइंटला सगळे दरीत तोंड करून बोंबलत होते आणि मी झाडाला टेकून डोळे मिटून. तिथल्या सरबतवाल्या मावशींनी बघितलं, काही न विचारता लिंबूपाणी हातात दिलं आणि कानाजवळ येऊन म्हणाल्या, "तिकडं मागं सोय आहे, जा जाऊन ये." बास. दोन ग्लास प्यायले मग.

आता माझ्या मुलीच्या ग्रुपबरोबर कधी जायची वेळ आली की मीच दर स्टॉपला मोठ्याने म्हणते, चला गं, मला जायचंय, कोण येतंय. मला जायचं नसलं तरी.

*

सिंहगड. पायवाटेवर दोघंच शेजारी चालू शकतात आणि आम्ही पाच, गणित तुम्हीच करा. मी म्हणून सगळ्यात पुढे पळायचो. मागे एकटा राहिलेला बिचारा दिसतो, पुढे एकटा असलेला फिट दिसतो. वर पिठलं-भाकरीची ऑर्डर देताना "मला काहीही चालेल", मटक्यातलं दही हवं होतं पण मागितलं नाही. अजून हळहळ आहे त्या दह्याची.

*

माझी गोष्ट गोड नाहीये. कल्याण स्टेशनच्या पुलावरून खाली बघितलं तर सगळे इंडिकेटरखाली उभे, हसतायत, टाळ्या देतायत. मी बराच वेळ वरूनच बघत राहिले. जिना उतरला की त्यांच्यात जायचं होतं. नाही उतरले. घरी येऊन आईला सांगितलं गाडी चुकली. तेव्हा मोबाइल नव्हते त्यामुळे कोणाला काही कळवायचा प्रश्न नव्हता, आणि कॉलेज सुरू झाल्यावर कोणी विचारलंही नाही. ते जास्त लागलं का बरं वाटलं हे मला आजही सांगता येणार नाही. ऑफिसच्या पिकनिकला हल्ली जाते, पण स्वतःच्या गाडीने.

*

वरचं वाचून राहवलं नाही. मी मानसशास्त्र शिकवते. लाजाळू असणं वेगळं आणि लोक आपल्याला जोखतायत या भीतीने शाळा, जेवण, मित्र सगळंच टाळायला लागणं वेगळं. हे दुसरं बहुतेकदा याच वयात सुरू होतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत, थोडं थोडं करत सराव हा त्यातला मोठा भाग. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे २०२२ पासून, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. भाची "जायचंय" म्हणतेय ना, मग अर्धं काम झालंय. परतीची बोट किती वाजताची हे तिला आधी सांगून ठेवा. दिवस कधी संपणार हे माहीत असलं की तो सोपा जातो.

*

नागपूर. आमच्याकडे मे महिन्यातली पिकनिक म्हणजे पहाटे पाचला निघा, नाहीतर उन्हात वडा होतो माणसाचा. रामटेक आणि मग खिंडसीला बोटिंग. मला भीती बोटीची नव्हती, सुमोतल्या अंताक्षरीची होती. आदल्या रात्री वहीत प्रत्येक अक्षराची गाणी लिहून पाठ केली, ठ ची तर चांगली यादी काढली. बे, पूर्ण रस्ताभर मला ठ आलाच नाही! न आला. न वर काय कोणीही गातं, तेवढ्यात सगळे एकदम गायला लागले आणि माझा नंबर गेला पण. ती यादी अजून येते मला, कोणाला ठ अडला तर सांगा.

*

पन्हाळा, कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, तरी आमच्या गँगने जणू हिमालयात चाललोय असं प्लॅनिंग केलेलं. तीन दरवाजा बघितला, अंधारबाव बघितली, झुणका-भाकरी खाल्ली, आणि बिलाच्या वेळी एकाकडे सुट्टे नव्हते म्हणून त्याचे मी भरले. चाळीस रुपये. "उद्या देतो की लेका." मी बोलतोय कशाला, मागणं आपल्याच्यानं होत नाही. त्याचं लग्न झालं, माझं झालं, माझ्या लग्नात जेवून गेला गडी, आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. बायको म्हणते आता तरी माग. परवा रंकाळ्यावर भेटला, त्यानंच भेळ घेतली दोघांना, आणि पैसे देताना म्हणतो कसा, पुढच्या वेळी तू दे.