इलेक्ट्रॉन गेला, मग सोडिअम ‘अधिक’ कसं?

गल्ल्यावरून
मुलगी आठवीत. संध्याकाळी दुकानात गल्ल्याशेजारी बसूनच अभ्यास करते. पुस्तकात आहे की सोडिअमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन दिला की त्याच्यावर +१ प्रभार येतो. तिने चाचणीत –१ लिहिलं, गुण गेला. म्हणते, “बाबा, दिलं म्हणजे कमी झालं ना?” मला तिचंच पटलं. पोत्यातून किलोभर साखर दिली तर पोतं भरत नाही. ‘नियमच आहे’ असं सांगू नका, ते शाळेत सांगून झालंय.

निवृत्त मास्तर
तुमचं पोतं बाजूला ठेवा, खातेवही काढा. इलेक्ट्रॉनवर ‘ऋणप्रभार’ असतो, तो शब्द बघा. ऋण म्हणजे काय? कर्ज! इलेक्ट्रॉन हा माल नाही, उधारी आहे.

सोडिअमच्या केंद्रकात (अणूच्या मधल्या गाभ्यात) ११ प्रोटॉन, म्हणजे अधिक प्रभाराचे कण, ते जमेला. बाहेर ११ इलेक्ट्रॉन, ते नावे. शिल्लक शून्य, म्हणून अणू उदासीन. नावेची एक रक्कम दुसऱ्याने उचलली. आता ११ जमा, १० नावे. शिल्लक किती ते मुलीलाच विचारा. उचलणारा बहुधा क्लोरीन. त्याचे प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन झाले १८, म्हणून तो –१. तिची वजाबाकी बरोबरच होती, फक्त काय वजा झालं ते तिने पाहिलं नाही. ३१ वर्षं शिकवलं, दर वर्षी निम्मा वर्ग इथेच अडायचा.

लॅबवाला
थोडा दोष अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनचाही. अठराव्या शतकात त्यांनी रेशमाने घासलेल्या काचेवरच्या विजेला ‘अधिक’ म्हटलं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली, जे. जे. थॉमसन या शास्त्रज्ञांना, आणि तो निघाला ‘उणे’च्या बाजूचा. नावं उलटी पडली असती तर तुमच्या लेकीचा गुण वाचला असता.

गल्ल्यावरून
उधारीचं एका झटक्यात कळलं (आम्हा बापलेकींना तोच विषय रोजचा). पण तिने पुढचं काढलं. निऑनमध्येही १० इलेक्ट्रॉन असतात म्हणे. मग सोडिअमचा निऑन झाला का?

निवृत्त मास्तर
पोरगी हुशार आहे! नाही झाला. खातं कुणाचं ते प्रोटॉन ठरवतात. ११ प्रोटॉन म्हणजे सोडिअम, मग इलेक्ट्रॉन १० असोत की ११. निऑनचे प्रोटॉनच १०, त्यामुळे तो मुळातच चुकता. रासायनिक क्रियेत केंद्रकाला धक्काही लागत नाही, सगळी देवघेव बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची.

पण त्या एका इलेक्ट्रॉनने स्वभाव किती बदलतो बघा. सोडिअम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्यात टाकला तर पेट घेतो. तेच सोडिअम एक इलेक्ट्रॉन देऊन तुमच्या मिठाच्या पुड्यात गुमान बसलंय.

लॅबवाला
गुमान, कारण शेजारी क्लोरीन आहे. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठात सुमारे ९६,५०० कूलॉम (कूलॉम हे प्रभार मोजायचं एकक) अधिक आणि तेवढाच उणे प्रभार असतो. आकाशातल्या विजेच्या एका लोळात साधारण १५-२० कूलॉम. बेरीज शून्य म्हणून आपण मीठ चिमटीत धरू शकतो.

गल्ल्यावरून
मॅग्नेशिअमचे दोन गेले तर +२, हे तिने न विचारता सांगितलं. शेवटचा प्रश्न, मग दुकान बंद करतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड. मग एकास एक फिटतात कसे? जडाचा प्रभार जास्त नको?

निवृत्त मास्तर
वजन वेगळं, प्रभार वेगळा. तिला सांगा, दहाचं नाणं आणि दहाची नोट काट्यावर ठेवून बघ.

गल्ल्यावरून
ठेवली. नाण्याला आकडा आला, नोटेला काटा हललाच नाही. आता म्हणते दोन्ही मलाच द्या.