प्रीमियर पद्मिनीची गंजलेली चासी

प्रश्न: वडिलांच्या १९७८ च्या पद्मिनीचे दाराखालचे पत्रे गंजले असून जॅक लावल्यावर दारे अडकतात. नवी चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) बनवून घ्यावी का?

उत्तर: या गाडीला वेगळी चासी नाहीच, मूळ फियाट ११०० प्रमाणे बॉडीच सारा भार पेलते आणि दाराखालची बंद पेटी हा तिचा कणा आहे. म्हणून कापण्याआधी दारांच्या चौकटींत लोखंडी पाइपांचे तात्पुरते आधार वेल्ड करावेत, गाडी समपातळीत टेकवावी आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. अन्यथा बॉडी वाकते.

उत्तर: गंजावर पत्रा चढवून पुट्टी मुळीच भरू देऊ नका. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात तारेने केलेले वेल्डिंग) करावे.

उत्तर: शेवटी पेटीच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत.